चेंडू निघून गेल्यावर हाताला जे कळतं

पूलच्या टेबलावर पांढऱ्या चेंडूला फटका मारला, की क्यूची, म्हणजे फटका मारायच्या लांब काठीची, चामड्याची टिप चेंडूला टेकून राहते ती जेमतेम १ मिलिसेकंद. बोटांना बसलेला धक्का मेंदूपर्यंत पोचायलाच त्याच्या वीसेक पट वेळ लागतो. ‘वा, काय बसला!’ असं मनात येतं तेव्हा चेंडू कधीच वाटेला लागलेला असतो. आपल्या हाती उरते ती लाकडाची थरथर. हाताने घडवलेल्या क्यूवर खेळाडू जीव टाकतात तो या थरथरीसाठी, आणि हे वेड मला पूर्ण पटतं.

चेंडूचं गणित वेगळं. मध्य सोडून बाजूला फटका मारला तर चेंडू गिरकी घेतो आणि टिपेला आडवं ढकलतो. ही आडवी लहर शाफ्टमधून, म्हणजे क्यूच्या पुढच्या निमुळत्या भागातून, तशी सावकाश सरकते. १ मिलिसेकंदात टोकापासून वीतभर मागे गेली तरी खूप. चेंडूला जाणवतं ते तेवढ्याच लाकडाचं वजन. ते जितकं जास्त, तितका चेंडू नेमाच्या रेषेवरून बाजूला सटकतो. म्हणून काही कारागीर टोक बारीक ठेवतात, आतून पोखरतात, टिपेखालची फेरूल, म्हणजे टोकावरचं टोपण, हलकी बसवतात. मागची शिसवी मूठ, तिच्यातलं जडावकाम, मूठ आणि शाफ्ट जोडणारा मधला पेच यांचा या सटकण्याशी संबंध नाही.

हाताचा मात्र या सगळ्याशी संबंध येतो. त्वचेच्या खोल थरात पॅसिनियन कणिका असतात; सेकंदाला २०० ते ३०० कंपनं त्यांना सर्वांत चटकन कळतात. पेच जरा सैल असला, सरस कुठे नीट धरला नसला, की फटका बद्द लागतो. माठ घेताना आपण वाजवून बघतो ना, तसेच काही कारागीर शाफ्टची काठी दोन बोटांत लोंबती धरून टिचकी मारतात आणि कान देऊन ऐकतात.

शाफ्ट बहुतेक करून उत्तर अमेरिकेतल्या शुगर मेपलचा. तो लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत तासायच्या यंत्रावर, एका दमात बारीक करत नाहीत. थोडं तासायचं, मग काठी टांगून आठवडे न् महिने तशीच ठेवायची. वरचा थर गेला की आत दबलेला ताण मोकळा होतो, लाकडातला ओलावा हवेशी जुळवून घेतो, आणि काठी वाकायची असेल तर वाकते. वाकली की बाद.

या कामातलं मोठं नाव जॉर्ज बालाबुश्का. जन्म १९१२चा, रशियातला. १९२४ साली ते अमेरिकेत आले. सुतारकामात हात बसलेला. १९५९ पासून ब्रुकलिनमध्ये क्यू बनवू लागले आणि १९७५ मध्ये वारले, तोवर हजार-बाराशेच क्यू त्यांच्या हातून उतरले. मुठीच्या पुढच्या भागातलं टोकदार पट्ट्यांचं जडावकाम ते बर्टन स्पेन आणि गस झॅम्बोटी या कारागिरांकडून घेत, इतकं ते अवघड.

मेपलमध्ये इंग्रजी व्हीसारख्या खाचा पाडून त्यांत आबनुसाच्या पट्ट्या सरसाने बसवतात. नंतर लेथवर गोल करताना पट्ट्या निमुळत्या होत सुईसारख्या टोकाला येतात. एखादी खाच केसभर खोल गेली असेल, तर तिचं टोक इतरांपेक्षा पुढे सरकतं, आणि ते मग लपवता येत नाही. चांगला क्यू हाती आला तर उजेडात धरून सावकाश फिरवा. पट्ट्यांची सगळी टोकं एकाच उंचीवर थांबलेली दिसतील.