मेन्यू उघडला, आता राज्य कुणाचं, माउसचं की कीबोर्डचं?

१९८४ च्या ॲपलच्या पहिल्या मॅकिंटॉशच्या कीबोर्डवर बाणांची बटणंच नव्हती. विसरून राहिली नव्हती, मुद्दाम गाळली होती. ती दिली असती तर प्रोग्रॅमरांनी जुने कीबोर्डवाले प्रोग्रॅम जसेच्या तसे आणून ओतले असते. कमांड बटणाने काही आज्ञा थेट देता यायच्या, पण मेन्यूत शिरायचं तर माउसनेच. ‘फाइल’वर बटण दाबायचं, दाबूनच ठेवायचं, खाली ओढत न्यायचं आणि हव्या ओळीवर सोडायचं. बोट मध्येच सुटलं तर पुन्हा पहिल्यापासून. एका क्लिकवर उघडा राहणारा मेन्यू मॅकवर १९९७ मध्ये, मॅक ओएस ८ बरोबर आला. बाण मात्र १९८६ च्या मॅकिंटॉश प्लसवरच परतले होते.

पीसीच्या दुनियेत असा हट्ट परवडणारा नव्हता. १९८५ चं पहिलं विंडोज माउस नसलेल्या मशीनवरही चालायला हवं होतं. १९८७ मध्ये आयबीएमने ‘कॉमन यूजर ॲक्सेस’ नावाची नियमावली काढली. एफ-१० दाबलं की मेन्यूबार जागा, बाणांनी फिरा, एंटरने निवडा, एस्केपने बाहेर. ऑल्ट बटण आणि मेन्यूच्या नावात खाली रेघ मारलेलं अक्षर ही जोडीही याच काळात बोटांत मुरली.

खरी डोकेदुखी दोन्ही एकत्र आल्यावर. माउसचा कर्सर तिसऱ्या ओळीवर पडून आहे आणि तुम्ही बाणाने सहाव्या ओळीवर गेलात, तर रंगवायची कोणती? उत्तर ठरलं: शेवटी जे हललं ते. पण विंडोज कधीकधी माउस जागचा न हलताही ‘हलला’ असा निरोप पाठवतं. म्हणून प्रोग्रॅमरला आधीची जागा लक्षात ठेवून ताडून पाहावी लागते. नाहीतर निवड आपोआप तिसऱ्या ओळीवर उडी मारते.

पोटमेन्यूचं, म्हणजे एखाद्या ओळीतून बाजूला उघडणाऱ्या मेन्यूचं, दुखणं वेगळं. त्याच्याकडे तिरकं जाताना कर्सर शेजारच्या ओळीवरून जातो आणि पोटमेन्यू मिटतो. ॲपलने त्यासाठी एक अदृश्य त्रिकोण आखला: त्याच्या आत असेपर्यंत पोटमेन्यू मिटायचा नाही. विंडोजने सरळ ४०० मिलिसेकंद थांबायचं ठरवलं. त्रिकोण हुशार, पण थांबणं लिहायला सोपं.

रेघेच्या अक्षराची पंचाईत मराठीत आली. ‘फाइल’मधल्या ‘फा’खाली रेघ मारून उपयोग काय, कीबोर्ड इंग्रजीवर असला तर? लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपच्या मराठी अनुवादात म्हणून ‘फाइल’पुढे कंसात रोमन एफ लिहून रेघ त्याच्याखाली मारलेली असायची.