डोंगल लावल्यावर बोर्ड एवढा वेळ करतो तरी काय?

तासगावकडं द्राक्षबागेत हल्ली हवामान मोजणारे डबे दिसतात, पान किती वेळ ओलं राहिलं त्यावरून डाऊनी रोगाचा अंदाज बांधायला. अशा डब्यात बऱ्याचदा छोटा लिनक्स बोर्ड, म्हणजे एका पाटीवरचा छोटा कॉम्प्युटर, असतो आणि नेटसाठी यूएसबी डोंगल. आपल्याकडं लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको, आणि आली की दरवेळी डोंगल ओळखायचं काम पहिल्यापासून.

आता गंमत अशी की या ओळखण्यात प्रोसेसरचं काम कमीच असतं, बाकी सगळी वाट बघणं. त्यातली थोडी गरजेची. प्लग बसताना कनेक्शन थरथरतं म्हणून ते 100 मिलिसेकंद स्थिर राहिलं तरच खरं मानायचं हा यूएसबीचाच नियम, त्याला हात लावू नका. मग रिसेट, पत्ता देणं, कंपनीचा आणि प्रॉडक्टचा नंबर वाचणं, आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, 'नवीन आलंय' अशी हाळी देतो. ती ऐकून यूडेव्ह, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची व्यवस्था बघणारा प्रोग्रॅम, नंबरावरून ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) शोधतो.

खरी कटकट पुढं. बरीच 4जी डोंगल आधी सीडी ड्राइव्ह असल्याचं सोंग घेतात, विंडोजवाल्यांना ड्रायव्हर मिळावा म्हणून. लिनक्सवर मोडस्विच नावाचा प्रोग्रॅम त्याला जागं करतो की ते डिस्कनेक्ट होऊन मॉडेम म्हणून परत येतं, म्हणजे वरचं सगळं दोनदा! शिवाय त्या खोट्या सीडीसाठी यूएसबी स्टोरेजचा ड्रायव्हर मुळात 1 सेकंद थांबतो, पूर्वी तर 5 थांबायचा. काही मॉडेमना एटी कमांड (मॉडेमला द्यायचा लेखी हुकूम) देऊन हे सोंग कायमचं बंद करता येतं, मी तर पहिलं तेच करीन.

दुसरं म्हणजे यूडेव्हचे डेस्कटॉपसाठीचे ढीगभर रूल (कुठलं उपकरण आलं की काय करायचं ते सांगणारे), प्रिंटर स्कॅनर वगैरे, बागेत कशाला पाहिजेत? काढून टाका. डब्यात काय लागणार ते आधीच माहीत असतं, मग ते ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून वेगळ्या फायलीत न ठेवता कर्नलमध्येच घाला, मेमरी कार्डवर शोधाशोध नको. आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवरचा तापमानाचा सेन्सर तर स्वतःची ओळख सांगतच नाही, तो डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या यादीत, लिहून द्यावा लागतो.

आणि स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये कुणीतरी 'डोंगल येईपर्यंत' म्हणून स्लीप 10 (म्हणजे 10 सेकंद नुसतं थांब) टाकून ठेवलेलं असतं, ते आधी शोधा. त्याच्या जागी यूडेव्हचा एक रूल, नेटचा इंटरफेस दिसला की लगेच कनेक्शन सुरू करणारा, एवढं पुरतं.