‘सेक्युलर’ : एका विशेषणाची फरफट

परवा एका आर्थिक अहवालाच्या मराठी मसुद्यावर हात फिरवताना ‘धर्मनिरपेक्ष मंदी’ असा शब्दप्रयोग समोर आला. मूळ इंग्रजीत ‘सेक्युलर स्टॅग्नेशन’ होते, म्हणजे तेजी-मंदीच्या नेहमीच्या चक्राबाहेरची, वर्षानुवर्षे रेंगाळणारी मरगळ. मसुदा करणाऱ्याला हसण्यात अर्थ नाही. मराठी माणसाला हे विशेषण पहिल्यांदा भेटते ते शाळेच्या पुस्तकातल्या, राज्यघटनेच्या उद्देशिकेत, आणि तिथे त्याला एकच प्रतिशब्द आहे.

मूळ लॅटिन ‘सेक्युलम’ म्हणजे पिढी, युग, लांबलचक काळ. अर्थशास्त्रातला ‘सेक्युलर’ थेट तिथून आला. दुसरी वाट चर्चमधून गेली. काळाच्या ओघात असणारे ते या जगातले, म्हणून मठात न राहता लोकांत राहून काम करणारा पाद्री तो सेक्युलर. गोव्यातल्या चर्चच्या इतिहासात ‘सेक्युलर पाद्री’ वारंवार भेटतात ते याच अर्थाने. आजचा वाचक मात्र तिथे हमखास अडखळतो. ‘सेक्युलॅरिझम’ हे नाम तर अगदी अलीकडचे, १८५१ मध्ये इंग्लंडात घडवलेले. घडवणारा त्याआधी धर्मनिंदेपायी तुरुंगात जाऊन आला होता.

खरा गुंता आपल्याकडचा. राज्यघटनेच्या मसुद्यावर चर्चा चालू असताना, १५ नोव्हेंबर १९४८ रोजी, एका सदस्याने भारताच्या वर्णनात ‘सेक्युलर, फेडरल, सोशॅलिस्ट’ असे तीन शब्द घालावेत अशी दुरुस्ती मांडली. ती फेटाळली गेली. उत्तरातला सगळा भर ‘सोशॅलिस्ट’वर होता, ‘सेक्युलर’वर तिथे धड वाद झालाच नाही.

तरीही १९५०च्या घटनेत हा शब्द नव्हता असे जे सर्रास सांगितले जाते ते चूक आहे. तो कलम २५ मध्ये पहिल्यापासून आहे. धर्माचरणाशी जोडलेल्या ‘आर्थिक, वित्तीय, राजकीय किंवा अन्य सेक्युलर’ कामांवर सरकार नियंत्रण आणू शकते, असे ते कलम म्हणते. पूजा कोणत्या विधीने करायची हा धर्माचा भाग. दानपेटीतल्या रकमेचा हिशेब कोण ठेवणार, देवस्थानच्या जमिनीचे काय करायचे, ही सेक्युलर बाब. इथला अर्थ जुनाच आहे : ऐहिक, लौकिक. हिंदी घटनेत या जागी ‘लौकिक’ हाच शब्द आहे.

मग १९७६ मध्ये, आणीबाणीत, घटनेची बेचाळिसावी दुरुस्ती आली आणि ३ जानेवारी १९७७ पासून हे विशेषण उद्देशिकेत, थेट ‘लोकशाही गणराज्य’च्या आधी येऊन बसले. आता ते हिशेबाच्या वहीचे वर्णन करत नव्हते, अख्ख्या राष्ट्राचे करत होते. व्याख्या मात्र दिली नाही. हिंदीत इथे ‘पंथनिरपेक्ष’ आहे, मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’. म्हणजे मूळ इंग्रजीतले एकच विशेषण हिंदी घटनेत दोन ठिकाणी दोन वेगळ्या शब्दांनी येते, आणि राज्याची हद्द ओलांडली की उद्देशिकेत तिसराच शब्द भेटतो.

‘पंथनिरपेक्ष’च्या बाजूचे म्हणणे असे की धर्म म्हणजे केवळ उपासना नव्हे, कर्तव्यही, राज्य त्याच्यापासून अलिप्त कसे राहील? मराठीत हे पटकन पटते, कारण आपण शेजारधर्म पाळतो, दानधर्म करतो, आणि गंधकाचे गुणधर्मही पाठ करतो. पण जनगणनेच्या अर्जातला ‘धर्म’ हा रकाना भरताना कोणी शेजारधर्म लिहीत नाही. संदर्भ कळत असताना तो कळत नसल्याचा आव आणायचा, असे या आक्षेपात बरेचदा होते. शिवाय पंथ म्हटले की वारकरी, महानुभाव डोळ्यांपुढे येतात. तेवढ्यांपुरतेच राज्य तटस्थ आहे की काय, असा नवाच घोळ होतो.

मराठीत पर्याय कमी नव्हते. ‘निधर्मी’ वर्तमानपत्री लेखनात बराच चालला, पण त्याला ‘धर्म बुडवणारा’ असा वास लागला आणि तो टीकाकारांच्याच तोंडी उरला. ‘इहवादी’ मुळाशी सगळ्यांत प्रामाणिक, पण तो विचारवंतांच्या लेखांबाहेर फारसा पडला नाही. ‘सर्वधर्मसमभाव’ भाषणात शोभतो, पण ते नाम आहे, विशेषणाच्या जागी बसत नाही. ‘निरपेक्ष’चीही एक गंमत आहे. ‘निरपेक्ष सेवा’ म्हणजे मोबदल्याची अपेक्षा न ठेवता केलेली सेवा. उद्देशिकेत मात्र तो ‘धर्मावर अवलंबून नसलेले’ अशा अर्थी आहे. परीक्षेच्या शिकवणीत हा फरक फोड करून सांगावा लागतो.

या शब्दाला बांधून ठेवायची एक संधी आली होती. १९७८ मध्ये, सत्तांतरानंतर, घटनेच्या पंचेचाळिसाव्या दुरुस्ती विधेयकात व्याख्या घातली गेली : ज्यात सर्व धर्मांना समान आदर आहे ते ‘सेक्युलर’ गणराज्य. खालच्या सभागृहाने ती मंजूर केली, वरच्या सभागृहाने ते कलम नाकारले आणि चव्वेचाळिसावी दुरुस्ती म्हणून कायदा झाला तो व्याख्येविना. माझ्या मते १९७६ पेक्षा ही घटना अधिक महत्त्वाची आहे. चर्चा मात्र नेहमी १९७६ ची होते.

पुढे शब्दाचा पसारा वाढतच गेला. १९८९ पासून राजकीय पक्षाला नोंदणीसाठी आपल्या पक्षाच्या घटनेत ‘सेक्युलॅरिझम’वरची निष्ठा लिहून द्यावी लागते. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते राज्यघटनेच्या मूलभूत, संसदेलाही मोडता न येणाऱ्या चौकटीत धरले. उद्देशिकेखालची तारीख २६ नोव्हेंबर १९४९ असताना नंतरचे शब्द तिच्यात कसे, हा युक्तिवाद घेऊन आलेल्या याचिका नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळल्या गेल्या.

त्या अहवालात मी ‘दीर्घकालीन मंदी’ केले. खाली एका तळटीपेत ‘सेक्युलर ट्रस्ट’ आला होता. तिथे आधी इंग्रजी प्रत मागवून घेतली.