आलिशान विद्युत सेडान निवडताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

विद्युत गाडी घेण्याचा विचार पक्का करून आमच्या पुण्यातील कार्यालयात येणारे बहुतेक ग्राहक एका चार्जमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, हे सर्वांत आधी विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु सत्तर लाखांपासून दोन कोटींपर्यंतच्या सेडानमधून निवड करताना निर्णय त्यावर अवलंबून ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. या वर्गातील कोणतीही गाडी पूर्ण चार्जवर पुण्याहून मुंबईला जाऊन त्याच दिवशी परत येऊ शकते. गाडी रात्री कोठे उभी राहणार, मालक पुढे बसणार की मागे आणि रोजचा रस्ता कसा आहे, या तीन गोष्टींवरच पुढची आठ-दहा वर्षे गाडी सुखाची होते की डोकेदुखीची, हे ठरते. आम्ही घरगुती चार्जर बसवतो आणि गाडीच्या निवडीबाबत सल्ला देतो. आमचा मोबदला फक्त ग्राहकाकडून येतो आणि कोणत्याही विक्रेत्याकडून आम्ही दलाली घेत नाही, म्हणून पुढील मते आम्ही मोकळेपणाने मांडली आहेत.

आधी पार्किंगची जागा मोजावी

सोसायट्यांमधील चारचाकीची जागा बहुधा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब आखलेली असते. मर्सिडीझ-बेंझ ईक्यूएसची लांबी ५.२ मीटरहून अधिक आहे आणि बीएमडब्ल्यू आय७ची जवळजवळ ५.४ मीटर, म्हणजे दोन्ही गाड्या आखलेल्या रेषेबाहेर येतात. आय७ची रुंदी आरसे न धरता १.९५ मीटर असल्याने दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम ५५ सेंटिमीटर उरतात आणि त्यातही एका बाजूला खांब असेल, तर मागच्या आसनावरील ज्येष्ठ व्यक्तीला उतरण्यासाठी गाडी आधी बाहेर काढावी लागते. दोन कोटींची गाडी घेतल्यानंतर ही गोष्ट लक्षात येणे फार क्लेशदायक असते. तेव्हा शोरूमला जाण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन तळघरात जावे.

त्याच वेळी चार्जर कोणत्या भिंतीवर बसेल, हेही पाहावे. बीएमडब्ल्यूच्या आय४, आय५ आणि आय७ या तिन्ही गाड्यांमध्ये तसेच ईक्यूएसमध्ये चार्जिंगची जागा मागच्या उजव्या बाजूला आहे. पोर्शे टायकान आणि आउडी ई-ट्रॉन जीटी यांत ती पुढच्या चाकांच्या मागे, दाराच्या अलीकडे आहे. त्यामुळे आपण गाडी नेहमी मागे घेत लावता की सरळ आत नेता, यावर केबलची लांबी आणि चार्जरची जागा ठरते. ड्रायव्हरची सवय बदलण्यापेक्षा चार्जर दुसऱ्या भिंतीवर लावणे सोपे असते, पण ते आधी ठरवले असेल तरच.

आता विजेविषयी. नेहमीच्या १६ अँपिअरच्या प्लगवरून साधारण तीन किलोवॉट मिळतात, म्हणजे शंभर युनिटची बॅटरी रिकामीपासून भरण्यास तीस तासांहून अधिक वेळ लागेल. सिंगल फेजवरील ७.४ किलोवॉटच्या चार्जरला तेच काम चौदा-पंधरा तासांचे आहे, तर थ्री फेजवरील ११ किलोवॉटच्या चार्जरला नऊ-दहा तासांचे. हे आकडे पाहून पुष्कळ ग्राहक लगेच थ्री फेजचा आग्रह धरतात. परंतु शहरात रोज पन्नास किलोमीटर फिरणारी गाडी दहा-बारा युनिट खाते आणि तेवढी वीज ७.४ किलोवॉटचा चार्जर दोन तासांच्या आत भरून देतो. ज्यांचा मंजूर भार कमी आहे आणि ज्यांचे लांबचे प्रवास महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी होतात, त्यांना आम्ही सिंगल फेजच सुचवतो, जरी थ्री फेजच्या कामात आमचा मेहनताना अधिक असला तरी.

वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या केंद्रीय नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार विद्युत वाहनाच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजजोडणी मागण्याचा अधिकार ग्राहकाला मिळाला आहे. सोसायटीच्या समितीशी बोलताना हा मुद्दा हाताशी असावा. पण त्याबरोबर केबलचा मार्ग, मीटरची जागा आणि सुरक्षा-साधने दाखवणारा नकाशाही द्यावा, कारण समितीची भीती बहुधा आगीची आणि सामायिक वीजबिलाची असते, आणि ती रास्त आहे. मीटर खोलीपासून पार्किंग दूर असेल तर केबल जाड घ्यावी लागते, कारण ३२ अँपिअरचा प्रवाह तासन्‌तास सलग वाहणार असतो आणि बारीक केबल तापते. अर्थिंग कमकुवत असेल तर या गाड्या चार्जिंग सुरूच करत नाहीत; जुन्या इमारतींत बहुतेक वेळा अडचण येथेच येते आणि वेगळा अर्थिंगचा खड्डा घ्यावा लागतो. हा खर्च टाळू नये.

मालक कोठे बसणार

ईक्यूएस आणि आय७ या दोन्ही गाड्या शोफर ठेवणाऱ्यांसाठी म्हणून विकल्या जातात, तरीही त्यांचा स्वभाव वेगळा आहे. ईक्यूएस विद्युत गाडी म्हणूनच आखली गेली. तिचे छप्पर कमानीसारखे मागे उतरत जाते आणि त्यामुळे हवेचा विरोध अतिशय कमी झाला आहे, पण मागे बसणाऱ्या उंच व्यक्तीला डोक्यावरची जागा कमी वाटते. बॅटरी पायांखाली असल्याने फरशी उंच येते आणि गुडघे किंचित वर राहतात. आय७ ही पेट्रोलच्या ७ सिरीजच्याच सांगाड्यावर बांधलेली असल्याने तिचे छप्पर उंच आहे आणि मागचे आसन खऱ्या अर्थाने बैठकीचे आहे. छतातून उतरणारा ३१.३ इंचांचा पडदा पाहुण्यांना भुरळ घालतो. मात्र तो खाली आला की ड्रायव्हरला आतल्या आरशातून मागचे दिसत नाही, हे लक्षात ठेवावे. केवळ मागच्या आसनासाठी गाडी घेणाऱ्याला आम्ही आय७ सुचवतो. जो आठवड्याचे पाच दिवस मागे बसतो आणि शनिवार-रविवारी स्वतः चालवतो, त्याला ईक्यूएस अधिक मानवते, शिवाय तिचे मागचे दार काचेसकट वर उघडत असल्याने सामानाला ६१० लिटरची प्रशस्त जागा मिळते. ईक्यूएसचे पुढचे बॉनेट मालकाने उघडायचे नसते. काच धुण्याचे पाणी भरण्यासाठी डाव्या बाजूला वेगळी झडप आहे. आपल्या ड्रायव्हरला हे पहिल्याच दिवशी दाखवून द्यावे.

आय५ एम६० बाबत एक सावधगिरी विशेष आग्रहाने सांगतो. २०२४ मध्ये भारतात आलेली पेट्रोलची ५ सिरीज लांब व्हीलबेसची (म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतराची) आहे, ३,१०५ मिलिमीटरची. त्याच वर्षी आलेली आय५ एम६० मात्र २,९९५ मिलिमीटरच्या मूळ व्हीलबेसची आहे. नातेवाइकांच्या ५ सिरीजमध्ये मागे बसून समाधान झाले आणि म्हणून आय५ नोंदवली, असे करू नये. अकरा सेंटिमीटरचा हा फरक सगळा मागच्या पायांच्या जागेत जाणवतो. ६०१ अश्वशक्तीची ही गाडी स्वतः चालवणाऱ्याची आहे, आणि त्या भूमिकेत ती फार चांगली आहे.

टायकान आणि ई-ट्रॉन जीटी यांना चार दारे असली तरी मागे प्रौढ माणसाने पुणे-कोल्हापूर प्रवास करावा अशी ती जागा नाही, जरी दोन्हींत मागच्या प्रवाशांच्या पायांसाठी बॅटरीमध्ये खोलगट जागा मुद्दाम सोडलेली आहे. आय४ ही या सर्वांत स्वस्त आणि आमच्या मते स्वतः चालवणाऱ्या जोडप्यासाठी सर्वांत समंजस निवड आहे. तिचा तळ रस्त्यापासून १२५ मिलिमीटरच्या आसपासच असल्याने आपल्या गल्लीतला गतिरोधक तिने चार माणसे बसवून ओलांडून दाखवला पाहिजे.

पल्ला, घाट आणि महामार्ग

ईक्यूएस ५८०चा ‘एआरएआय’ या भारतीय वाहन-चाचणी संस्थेने प्रमाणित केलेला पल्ला ८५७ किलोमीटर आहे आणि युरोपीय ‘डब्ल्यूएलटीपी’ चाचणीतील आकडा ६७६ किलोमीटरपर्यंत जातो. गाडी तीच आणि १०७.८ युनिटची बॅटरीही तीच. फरक आहे तो चाचणीतल्या वेगाचा. भारतीय चाचणी संथ शहरी वेगाकडे झुकलेली आहे, तर युरोपीय चाचणीत ताशी १३० किलोमीटरपर्यंतचा टप्पाही येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने महामार्गावरील हिशेब नेहमी डब्ल्यूएलटीपीवरून करावा आणि त्यातूनही चतुर्थांश वजा धरावा. दोन गाड्यांची तुलना करताना एकीचा एआरएआयचा आणि दुसरीचा डब्ल्यूएलटीपीचा आकडा शेजारी ठेवण्याची चूक जाहिरातींमुळे सहज घडते.

बोरघाटाची भीती अनेकांना वाटते, तिचे उत्तर साध्या गणितात आहे. सुमारे २,६०० किलो वजनाची गाडी साडेपाचशे मीटर उंच चढवण्यास चार युनिटच्या जवळपास ऊर्जा लागते, म्हणजे शंभर युनिटच्या बॅटरीचा चार टक्के भाग. आणि उतरताना मोटरच ब्रेकचे काम करून यातील बराच हिस्सा परत देते. मात्र बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परत आलेली वीज साठवायला जागाच उरत नाही, म्हणून लोणावळ्याला चार्जिंग करून मुंबईकडे उतरणार असाल, तर तेथे शंभर टक्के भरू नये.

वेगवान चार्जिंगच्या आकड्यांवर आमच्या मते गरजेपेक्षा जास्त भर दिला जातो. ईक्यूएस २०० किलोवॉटपर्यंत वीज घेऊ शकते, आय७ १९५, आय५ आणि आय४ २०५, पहिल्या आवृत्तीची ई-ट्रॉन जीटी २७० आणि ८०० व्होल्टची नवी टायकान ३२० किलोवॉटपर्यंत. पण महामार्गावरील केंद्र ६० किलोवॉटचे असेल, तर यातली प्रत्येक गाडी साठच घेणार. तेथे शंभर युनिटची बॅटरी दहावरून ऐंशी टक्क्यांवर नेण्यास सव्वा तास धरावा, आणि एकाच यंत्राच्या दोन गन चालू असतील तर त्याहून अधिक. आपल्या नेहमीच्या मार्गावर १२० किलोवॉट किंवा त्याहून मोठी केंद्रे नसतील, तर ३२० किलोवॉटच्या क्षमतेसाठी जादा पैसे मोजण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही.

पैशांचा हिशेब

ईक्यूएस ५८० सप्टेंबर २०२२ मध्ये १.५५ कोटी रुपयांना बाजारात आली आणि आय७ जानेवारी २०२३ मध्ये १.९५ कोटींना, दोन्ही किमती एक्स-शोरूम. या अंतराचे एक मोठे कारण आपल्या जवळच आहे: ईक्यूएसची जुळणी चाकणच्या कारखान्यात सुरू झाली, तर आय७ पूर्ण तयार स्थितीत आयात झाली आणि तिच्यावर सीमाशुल्क लागले. आय५ एम६० एप्रिल २०२४ मध्ये १.१९५ कोटींना आणि आय४ मे २०२२ मध्ये ६९.९ लाखांना आली होती. आजचे भाव विक्रेत्याकडून लेखी घ्यावेत.

विद्युत गाडीवर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे, तर मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. दहा लाखांवरील कोणत्याही गाडीप्रमाणे येथेही विक्रेता एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर) घेतो. ती रक्कम विवरणपत्रात आपल्या करातून वळती होते, म्हणून पावती जपावी. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर विद्युत मोटारींना टोलमाफीची तरतूद आहे. मोटार वाहन कराबाबत मात्र खात्री करूनच नोंदणी करावी, कारण त्याच वर्षीच्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाखांवरील विद्युत गाड्यांवर सहा टक्के कर सुचवला गेला आणि त्याच महिन्यात तो मागेही घेतला गेला.

या गाड्यांची पुनर्विक्री किंमत पेट्रोल गाड्यांपेक्षा वेगाने उतरते. तीन वर्षांत गाडी बदलण्याची सवय असणाऱ्यांनी खरेदीऐवजी भाडेकराराचा पर्याय तपासावा, किंवा मग कमी वापरलेली जुनी गाडी घ्यावी, ज्यात पहिली मोठी घट आधीच्या मालकाने सोसलेली असते. अशा वेळी बॅटरीच्या आरोग्याचा अधिकृत अहवाल मागितल्याशिवाय व्यवहार करू नये. बीएमडब्ल्यूची बॅटरी हमी आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर आहे. प्रत्येक कंपनीकडून ही मुदत आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर हमी लागू होते, हे लेखी घ्यावे. विम्यात पाण्यामुळे बॅटरीचे होणारे नुकसान स्पष्ट शब्दांत समाविष्ट असावे. पावसाळ्यात तळघरात पाणी शिरणाऱ्या इमारतींत राहणाऱ्यांनी या एका कलमासाठी हप्ता थोडा अधिक भरावा. स्टेपनी आहे का आणि असल्यास ती डिकीची किती जागा घेते, हेही विचारावे.

आमच्याकडे येताना मागील तीन महिन्यांची वीजबिले, पार्किंगच्या जागेची मापे आणि छायाचित्रे, मीटर खोलीपासून त्या जागेपर्यंतचे अंदाजे अंतर आणि महिन्याभरातील प्रवासाची ढोबळ नोंद बरोबर आणावी. जागेची पाहणी आम्ही गाडीची नोंदणी होण्यापूर्वी करतो आणि तिचा लेखी अहवाल ग्राहकाला देतो. चाचणी फेरीला आपला ड्रायव्हर सोबत न्यावा आणि गाडी आपल्या सोसायटीच्या उतारावरून तळघरात नेऊन पाहण्याची परवानगी विक्रेत्याकडे आग्रहाने मागावी.