तिसांचे पथक

ढोल-ताशाला आपण सर्रास ‘पारंपरिक’ म्हणतो. वाद्य जुने आहेच. पण पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत आज दिसणारे पथक, म्हणजे एकसारखे कुर्ते घालून हौसेने वाजवणारी कॉलेजची नि नोकरीतली पोरं-पोरी, तेवढे जुने नाही. आधी मुळशी-मावळातले ढोल-लेझीमवाले यायचे, जोडीला बँडवाले. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात शहरातल्या एका शाळेने विद्यार्थ्यांच्या कमरेला ढोल बांधला आणि मग लोण पसरले. पथकांचे खरे पीक आले २००० नंतर.

ढोलही तो राहिला नाही. कातड्याचे पान, म्हणजे ज्यावर वाजवायचे तो पडदा, पावसात भिजले की ढोलाचा आवाज बसायचा. आता बहुतेकांना फायबरचे पान असते. ते भिजत नाही आणि वाजते कडक. ‘डीजेपेक्षा आम्ही बरे’ म्हणताना हा बदल सोयीने विसरला जातो.

वाद पेटला तो ३० ऑगस्ट २०२४ ला. आवाजाच्या तक्रारीवरून राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने, पुण्यातल्या कुठल्याही एका पथकात तीसपेक्षा जास्त जण नकोत असे बजावले. गणेश चतुर्थी होती ७ सप्टेंबरला. नदीपात्रातला सराव संपत आलेला, टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, धरणाऱ्या बोटांवर फोड येऊन चिकटपट्ट्या लागलेल्या. आणि तिसात कोणाला मोजायचे? ढोल, ताशे, झांजा, ध्वज हे ठीक. पण कडेने दोरी धरणारे, पाणी देणारे? यातल्या कोणाला घरी बसवायचे?

मुळात माणसे मोजून आवाज मोजला जात नाही. साठाचे तीस ढोल केले, तरी आवाज उतरतो जेमतेम तीन डेसिबल. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. जवळून वाजणारा एकटा ढोलसुद्धा ती ओलांडतो. म्हणजे चोवीस तासांपुढे रेंगाळणाऱ्या मिरवणुकीच्या वाटेवर ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे, त्यांना या आकड्याने फारसे काही मिळणार नव्हते. त्यांची तक्रार खोटी नव्हती, आकडा मात्र चुकीचा होता.

१२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तिसाच्या अटीला स्थगिती दिली. १७ तारखेच्या विसर्जनाला पथके पुऱ्या ताकदीने उतरली. स्थगिती होती ती फक्त त्या आकड्याला. डेसिबलची मर्यादा जिथल्या तिथे राहिली.