खाटेशेजारची शर्करा तपासणी : रुग्णालयातील ग्लुकोमीटरची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील रुग्णालयांत मधुमेहाचा रुग्ण दाखल झाला की नातेवाइकांच्या कानावर दिवसभरात शुगरचे बरेच आकडे पडतात, आणि त्यांतले दोन आकडे सहसा जुळत नाहीत. पहाटे सिस्टर बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर २१२ सांगून जातात, त्याच वेळी शिरेतून काढलेल्या रक्ताचा प्रयोगशाळेचा अहवाल दुपारी १८७ म्हणून हाती येतो, आणि कोणीतरी चूक केली असे समजून वॉर्डात बोलाचाली होते. बहुतेक वेळा चूक कोणाचीच नसते. हे यंत्र रुग्णाच्या खाटेपर्यंत कसे पोचले आणि त्या प्रवासात वेग मिळवताना अचूकतेची किती सूट मान्य केली गेली, हे पाहिले की या फरकाचा उलगडा होतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वॉर्डात तपासली जायची ती लघवी. स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी शतकाच्या पहिल्या दशकात तयार केलेल्या निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून ते उकळायचे आणि रंग हिरवा, पिवळा, नारिंगी की विटकरी होतो ते पाहायचे, अशी ती पद्धत होती. तिची उणीव मोठी होती. रक्तातील शर्करा दर डेसिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर (इथले शर्करेचे सारे आकडे याच मापातले) गेल्याखेरीज मूत्रपिंडे ती लघवीत सोडत नाहीत, त्यामुळे इन्सुलिन जास्त होऊन शर्करा ४० वर घसरलेला रुग्ण आणि ११० वर स्थिर असलेला रुग्ण या दोघांचेही द्रावण निळेच राहायचे. जिवाला तातडीचा धोका ज्या बाजूने असतो, ती बाजू या तपासणीला दिसतच नव्हती.

ही अडचण दूर करण्याच्या दिशेने पहिले ठोस पाऊल १९६५ मध्ये पडले. अमेरिकेतील एम्स कंपनीत अर्नेस्ट अ‍ॅडम्स यांनी डेक्स्ट्रोस्टिक्स ही रक्तासाठीची पट्टी विकसित केली. त्याआधी १९५६ मध्ये त्याच कंपनीच्या हेलन आणि आल्फ्रेड फ्री या दांपत्याने लघवीत बुडवून वाचायची पट्टी आणली होती. ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचे (एन्झाइमचे) तेच तत्त्व आता रक्ताला लावले गेले. पट्टीवर रक्ताचा मोठा थेंब ठेवायचा, घड्याळात बरोबर ६० सेकंद मोजायचे, पाण्याच्या धारेने रक्त धुऊन टाकायचे आणि उरलेला निळा रंग बाटलीवरील तक्त्याशी ताडून पाहायचा. धार जोराची असली तर रंग फिका पडायचा, वेळ लांबली तर गडद व्हायचा, आणि रात्रपाळीच्या मंद दिव्यात एकीला जे १३० वाटे ते दुसरीला १८० वाटे. डोळ्यांवरचा हा भार काढून घेण्यासाठीच यंत्र जन्माला आले. एम्समधील अभियंते अँटोन क्लेमेन्स यांनी पट्टीवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजणारे मीटर तयार केले आणि १९७० मध्ये ते विक्रीस आले. त्याचे वजन एक किलोहून अधिक आणि किंमत सुमारे ५०० डॉलर होती. ते डॉक्टरांचे दवाखाने आणि रुग्णालये यांच्यासाठीच होते. घरोघरी पोचलेले हे यंत्र मुळात रुग्णालयाचे होते, ही गोष्ट आज सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही.

पुढचा मोठा बदल रंगाकडून विजेकडे झाला. लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्येच विकर आणि इलेक्ट्रोड यांची जोडणी सुचवली होती, परंतु तिला खिशात मावणारे रूप मिळायला १९८७ साल उजाडले. त्या वर्षी पेनाच्या आकाराचे एक्झॅकटेक बाजारात आले आणि शर्करेच्या रासायनिक क्रियेतून निर्माण होणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजला जाऊ लागला. धुणे गेले, पुसणे गेले, रक्ताची गरज घटत आज एका मायक्रोलिटरच्या आत आली आणि उत्तर पाच सेकंदांत मिळू लागले.

या सुलभतेमुळे डॉक्टरांची अपेक्षाही वाढली. २००१ मध्ये बेल्जियममधील ल्युव्हेन येथील अभ्यासाने असे दाखवले की, शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात असलेल्या रुग्णांची शर्करा ८० ते ११० या अरुंद पट्ट्यात ठेवल्यास मृत्यू कमी होतात, आणि जगभरच्या विभागांत तासातासाला बोटे टोचली जाऊ लागली. मात्र ल्युव्हेनमध्ये धमनीतील रक्त रक्तवायू विश्लेषकावर, म्हणजे ग्लुकोमीटरहून अधिक अचूक अशा यंत्रावर, तपासले जात होते. अनुकरण करणाऱ्या अनेकांनी तेच उद्दिष्ट बोटाचे रक्त आणि साधे ग्लुकोमीटर यांच्या भरवशावर गाठू पाहिले. २००९ मध्ये सहा हजारांहून अधिक रुग्णांचा नाइस-शुगर हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कडक नियंत्रणाच्या गटात मृत्यूचे प्रमाण २७.५ टक्के, तर १८० पर्यंत मुभा दिलेल्या गटात २४.९ टक्के निघाले, आणि शर्करा धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रमाण ०.५ वरून ६.८ टक्क्यांवर गेले. त्यानंतर बहुतेक ठिकाणी १४० ते १८० हे उद्दिष्ट रूढ झाले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा धडा हाच आहे, कारण ज्या आकड्यात १५ टक्के इकडेतिकडे होऊ शकते, त्याच्या आधारावर ३० अंकांच्या पट्ट्यात इन्सुलिन हलवणे सुरक्षित नसते.

१५ टक्के हा आकडा आंतरराष्ट्रीय मानकाचा आहे. २०१३ च्या आयएसओ १५१९७ या मानकानुसार शर्करा १०० किंवा त्याहून अधिक असताना ९५ टक्के निकाल प्रयोगशाळेच्या १५ टक्क्यांच्या आत असले की यंत्र उत्तीर्ण होते. म्हणजे प्रयोगशाळेने १८७ सांगितले असेल, तर मीटरवर १५९ ते २१५ मधला कोणताही आकडा नियमात बसतो. शिवाय हे मानक घरी स्वतः तपासणाऱ्यांच्या यंत्रासाठी आहे. रुग्णालयातील वापरासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये वेगळी आणि अधिक कडक मार्गदर्शक तत्त्वे काढली व मर्यादा १२ टक्क्यांवर आणली, कारण खाटेवरचा रुग्ण घरातल्या रुग्णासारखा नसतो. तो शॉकमध्ये असू शकतो, त्याच्या बोटांपर्यंत रक्त पुरेसे पोचत नसते. तांबड्या पेशींचे प्रमाण कमी असेल तर अनेक पट्ट्या खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. प्रसूती वॉर्डात ही गोष्ट क्षणभरही विसरून चालत नाही, कारण फुगलेल्या आकड्यावर दिलेले इन्सुलिन बाळंतिणीची शर्करा गरजेपेक्षा खाली नेते. पोटातील डायलिसिसच्या काही द्रावणांमुळे विशिष्ट प्रकारच्या पट्ट्या फसतात, आणि त्यातून झालेल्या १३ मृत्यूंच्या नोंदीनंतर २००९ मध्ये त्याच प्रशासनाने जाहीर इशारा दिला होता.

संसर्गाची बाजूही याच इतिहासात येते. १९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील एका रुग्णालयात स्प्रिंगचे टोचणी-पेन अनेकांना वापरल्याने कावीळ-बी पसरल्याचे सिद्ध झाले. प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र, एकदाच वापरायची लॅन्सेट (टोचायची सुई) आणि दोन रुग्णांच्या मध्ये मीटर पुसणे हा नियम त्यातून पक्का झाला.

सीमाभागात या इतिहासाला स्थानिक रंग चढतो. जांबोटी, कणकुंबी या बाजूला पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की पट्ट्यांच्या डबीचे झाकण उघडे राहिले तर पट्ट्या खराब होतात, आणि खराब पट्टी प्रत्येक वेळी तसे सांगतेच असे नाही. भेटीला आलेल्यांनी आणलेली मोसंबी रुग्णाने स्वतः सोलली असेल आणि हात धुतलेले नसतील, तर बोटावरची साखर थेंबात उतरते आणि आकडा शंभरानेही चढू शकतो. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवणे तिथे पुरेसे नसते, साबण-पाणी लागते. उलट, प्रयोगशाळा नेहमीच खरी असेही धरता येत नाही. आडगावच्या केंद्रात साध्या नळीत घेतलेले रक्त बेळगावला पोचेपर्यंत तीन तास गेले, तर नळीतील पेशी दर तासाला ५ ते ७ टक्के शर्करा संपवत असतात. फ्लोराइड घातलेली राखाडी टोपणाची नळी वापरली नसेल, तर अशा वेळी गावातच टोचलेल्या बोटाचा आकडा सत्याच्या अधिक जवळ असू शकतो.

निपाणीचा रुग्ण कोल्हापूरला जातो, अथणी-कागवाडचा मिरजेला, खानापूरचा बेळगावला, आणि एकाच आजारपणात ही गावे बदलतातही. बेळगावच्या वॉर्डातील फाइलवर ‘जीआरबीएस’ लिहिलेले असते, मिरज-कोल्हापूरच्या फाइलवर ‘एचजीटी’. दोन्ही म्हणजे बोटाचीच तपासणी, पण घरच्यांना त्या दोन निराळ्या चाचण्या वाटतात आणि शिरेच्या रक्ताचा आकडाही त्यांच्याच रांगेत उतरवला जातो. जेवणाची वेळ तर पुष्कळदा तोंडीच राहते. कन्नड बोलणाऱ्या सिस्टर ‘ऊटा आयता?’ (जेवण झालं का?) विचारतात, आजी मराठीत ‘मघाशीच घोटभर पेज घेतली’ म्हणतात, दोघींना एकमेकींचे कळते, परंतु कागदावर फक्त २१२ उमटते. पुढच्या रुग्णालयातील डॉक्टरला त्या आकड्याशेजारी वेळ, पेज, आणि रक्त बोटाचे की शिरेचे एवढे लिहिलेले मिळाले, तर इन्सुलिनची मात्रा ठरवण्यापूर्वी पुन्हा टोचायचे की नाही, हे त्याला लगेच ठरवता येते.