कुकीचा खरपूसपणा आणि पिठातले पाणी

चॉकलेट चिप कुकीची जन्मकथा बहुधा अशी सांगितली जाते : अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात रूथ वेकफिल्ड यांच्याकडचे बेकिंगचे चॉकलेट एके दिवशी संपले, त्यांनी हाताशी असलेली चॉकलेटची वडी फोडून पिठात घातली, ती विरघळली नाही आणि निव्वळ अपघाताने एक नवा पदार्थ तयार झाला. ही कथा वेकफिल्ड यांच्यावर अन्याय करणारी आहे. त्यांनी १९२४ मध्ये गृहविज्ञानाचे शिक्षण पूर्ण केले होते, आहारतज्ज्ञ म्हणून काम केले होते आणि १९३० पासून पतीसह व्हिटमन येथे ‘टोल हाउस इन’ हे उपाहारगृह चालवताना ही कुकी जाणूनबुजून घडवली होती.

त्यांच्या १९३८ च्या पुस्तकातील कृतीत एक कप बटर, पाऊण कप पांढरी साखर, पाऊण कप ब्राउन शुगर, दोन अंडी, सव्वादोन कप मैदा, गरम पाण्यात विरघळवलेला चमचाभर खाण्याचा सोडा आणि वाटाण्याएवढे चॉकलेटचे तुकडे आहेत. अर्धा अर्धा चमचा पीठ ठेवून सुमारे १९० अंश सेल्सिअसला दहा-बारा मिनिटे भाजले की शंभरेक लहान, कुरकुरीत कुकी होतात. अलीकडच्या गाजलेल्या कृतींमध्येही सामान जवळपास हेच आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २००८ मध्ये चॉकलेट व मिठाई बनवणारे प्रसिद्ध शेफ जाक तोरेस यांच्या पद्धतीवर बेतलेली कृती छापली. तिच्यात पीठ २४ ते ३६ तास फ्रिजमध्ये ठेवतात आणि साडेतीन औंसांचे, म्हणजे सुमारे शंभर ग्रॅमचे गोळे करतात. ‘कुक्स इलस्ट्रेटेड’ या अमेरिकी पाककला-मासिकाने २००९ मध्ये बटर तांबूस होईपर्यंत कढवून घ्यायला सांगितले आणि दोन अंड्यांऐवजी एक अंडे व एक पिवळा बलक घेतला. माझ्या मते हे सगळे बदल मुख्यतः एकाच गोष्टीभोवती फिरतात : पिठातले पाणी कुठे आहे आणि ते केव्हा निघून जाते.

कुकीला तपकिरी रंग आणि खमंग वास येतो तो मुख्यतः मेयार अभिक्रियेमुळे. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले आणि जॉन हॉज यांनी १९५३ मध्ये तिच्या टप्प्यांचा आराखडा मांडला. प्रथिनातील अमिनो गट (नायट्रोजनयुक्त भाग) आणि क्षपणकारी शर्करा (ग्लुकोज, फ्रुक्टोज किंवा लॅक्टोजसारखी सहज अभिक्रिया करणारी साखर) यांचा संयोग होतो, पाण्याचा रेणू बाहेर पडतो, मग जोडलेल्या रेणूतील अणूंची फेरमांडणी, म्हणजे अमादोरी पुनर्रचना, होते आणि पुढे असंख्य सुगंधी संयुगे व मेलॅनॉइडिन नावाची तपकिरी रंगद्रव्ये तयार होतात. यातली खरी मेख अशी की नेहमीची पांढरी साखर, म्हणजे सुक्रोज, क्षपणकारी नाही. तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विघटन होईपर्यंत ती या अभिक्रियेत उतरूच शकत नाही. ब्राउन शुगरमधील मळीत मात्र या दोन्ही शर्करा तयारच असतात, आणि फ्रुक्टोज ओलावा धरून ठेवत असल्यामुळे कुकीचा मधला भाग मऊ राहतो.

सोड्याचे कामही फुगवण्यापुरते नाही. आम्लधर्मी मिश्रणात अमिनो गटावर एक जादा प्रोटॉन चिकटलेला असल्याने तो शर्करेशी जोडला जात नाही. सोडा मिश्रण अल्कधर्मी करतो, तो प्रोटॉन सुटतो आणि अभिक्रिया वेगाने पुढे सरकते. सोडा प्रमाणाबाहेर पडला तर कुकी लवकर काळपट होते आणि साबणासारखी लागते, हेही त्यामुळेच लक्षात ठेवावे.

आता पाण्याकडे वळू. पिठात मोकळे पाणी भरपूर असेपर्यंत त्याचे तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही, आणि तेवढ्या उष्णतेत दहा मिनिटांत म्हणण्यासारखा रंग चढत नाही. कडा आधी सुकतात, म्हणून आधी तांबूस होतात. पीठ दीड दिवस थंड ठेवले की मैदा अंड्यातले पाणी शोषून घेतो, मिश्रण घट्ट होते, कुकी कमी पसरते आणि तिला रंग अधिक गडद व एकसारखा येतो. ही युक्ती अगदी नवीही नाही. टोल हाउसमध्ये पीठ रात्रभर थंड ठेवत असल्याची नोंद वेकफिल्ड यांच्या पुस्तकाच्या १९५३ च्या आवृत्तीत आहे.

बटरमध्ये साधारण सोळा टक्के पाणी असते. ते कढवताना हे पाणी उडून जाते, मगच दुधातील प्रथिने आणि लॅक्टोज यांच्यात तीच मेयार अभिक्रिया घडते. आपल्याकडे लोणी कढवून तूप करताना तळाशी जी तांबूस बेरी जमते, ती याच रसायनातून आलेली असते. फरक एवढाच, की आपण तूप गाळून बेरी बाजूला काढतो, तर या कृतीत ती मुद्दाम पिठात ठेवतात.

ब्राउन शुगर पौष्टिक असल्याचा प्रचार मात्र निराधार आहे. मळीतून येणारी खनिजे इतकी थोडी असतात की त्यासाठी कुकी खाण्यात अर्थ नाही. ती वापरावी ती चव, रंग आणि ओलावा यांसाठी. घरी भाजताना कडा तांबूस झाल्या आणि मध्यभाग अजून मऊ दिसत असला, तरी ट्रे बाहेर काढावा, कारण गरम ट्रेवर तो भाग आणखी काही मिनिटे शिजत राहतो.